ताटात धुतलेला हात

नणंदेच्या लग्नात मी नवी पैठणी नेसले होते, आणि तोरा असा की अख्खं औरंगाबाद जणू जेवायला नाही, मलाच बघायला आलंय. मिरवायला चार जिलब्या वाढून घेतल्या, एक खाल्ली आणि घरच्या रीतीनं ताटातच हात धुतला.

ताट ठेवायला मांडवामागं गेले, तर उष्ट्या ताटांपाशी म्हातारी बसली होती, रोज स्टेशनाबाहेर पडून असायची तीच. एकेक पुरी पुसून पदरात बांधत होती.

मी शहाणी! म्हणाले, “आजी, उष्टं खाऊ नये.”

“उष्टं चालतंय माय. भिजलेलं सांजंपर्यंत टिकत नाय.”

मग तिनं माझं ताट ओढलं, पाण्यातल्या जिलब्या बोटानं चाचपल्या आणि ताट हळूच बाजूला सारलं.

भुकेल्या माणसालाही घेता येऊ नये, इतकं अन्न नासवायची अक्कल माझ्यात होती.