आळशाची लेकरं

आमच्या डोंगरावरच्या ऊस पैदास केंद्रात सेउ एराल्दोंना प्रमुख डॉक्टरबाईसुद्धा ‘सेउ’ लावून मानानं हाक मारत. बाकी मान म्हणाल तर तेवढाच.

तीस वर्षं त्यांनी तुऱ्यांची लग्नं लावली. मादीचा तुरा पांढऱ्या कापडी कंदिलात उभा करायचा, वर नराचा तुरा बांधायचा, पहाटे टिचक्या मारून पराग झाडायचा आणि चिठ्ठीवर आईबापाचे नंबर लिहायचे. शेजारचा कंदील माझा. मी झेफा, वर्षावर्षाच्या कंत्राटावरची बाई.

चाळीस नंबरचा ऊस सेउ एराल्दोंनी तरुणपणी हजारो रोपांतून नजरेनं निवडलेला. आयुष्यात त्यांच्या नावावर एवढंच. त्याला तुरा फार उशिरा यायचा, म्हणून ते त्याला ‘आळशी’ म्हणत. सकाळी त्याच्या बेटापाशी उभं राहून कॉफी प्यायचे आणि त्याला शिव्या घालायचे. स्वतःच्या मुलाशी इतकं बोलले नसतील.

जुन्या साहेबांचा दंडक होता, कंदील रिकामा राहता कामा नये. आळशी उठेपर्यंत मादी वाळून जायची. मग आम्ही फाटकाजवळच्या उसाचा तुरा बांधायचो. त्या मेल्याला सगळ्यांच्या आधी तुरा यायचा, पण ऊस आतून पोकळ. चिठ्ठीवर मात्र कागदावर ठरलेला बाप लिहायचा, चाळीस. सगळेच लिहायचे, मीही. तेव्हा चिठ्ठी बघत कोण होतं? रोप डोळ्यांत भरलं की घ्यायचं, बाप कोणी का असेना.

मग जुन्या साहेबांच्या जागी डॉक्टर लिव्हियाबाई आल्या. एकेकटं रोप बघायचं नाही, म्हणाल्या. अख्ख्या कुटुंबाचं वजन करायचं, साखर मोजायची आणि लेकरांवरून आईबापाचं मोल काढायचं. पद्धत खोटी नव्हती, ते मी आजही म्हणेन. आठ हंगामांचे आकडे त्यांनी संगणकात घातले. मे महिन्यात भिंतीवर यादी लागली. आळशी सगळ्यांत खाली होता. खाली असलेल्यांची बेटं शुक्रवारी उपटायची होती.

सेउ एराल्दोंनी यादीवर बोट टेकवून शेवटचा नंबर वाचला. मग म्हणाले, “झेफा, चल माझ्याबरोबर. दोघांनी सांगितलं तर पटेल.”

मी गेले.

“बाई, ती लेकरं त्याची नाहीत,” ते म्हणाले. “निम्म्याहून जास्त फाटकाजवळच्याची आहेत. चिठ्ठ्या मीच खोट्या लिहिल्या.”

डॉक्टरबाईंनी उठून दार लावलं. “फक्त चाळीसच्या?”

“जो जो नर उशिरा आला, त्याच्या त्याच्या.”

“म्हणजे माझी अख्खी यादीच गेली. कळतंय का तुम्हाला? अहवाल वर पोचलाय.” त्या माझ्याकडे वळल्या. “झेफा, तू शेजारीच असतेस. हे खरं आहे?”

माझं कंत्राट जूनमध्ये संपत होतं. नवं द्यायचं की नाही ते बाईंच्या हातात होतं. सेउ एराल्दो माझ्याकडे बघत नव्हते, इतकी त्यांना माझी खात्री होती.

“मला काही आठवत नाही, बाई,” मी म्हणाले.

“बघा,” डॉक्टरबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. “वय झालं की माणूस जीव लावून बसतो, सेउ एराल्दो. आठवडाभर सुट्टी घ्या हवं तर.”

त्यांनी सुट्टी घेतली नाही. शुक्रवारी कुदळ घेऊन बेट त्यांनीच खणलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नोंदवहीत कारण लिहायचं असतं. ‘संतती हलकी’ असं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या बाकावर कधी बसले नाहीत. मक्याच्या कुसकुसचा डबा घेऊन पार पंपाच्या खोलीमागे जायचे.

माझं कंत्राट नवं झालं. लाज वाटली, पण सही केली.

पुढच्या वर्षी तुरे यायच्या आधी कंदिलांच्या छपराखाली डॉक्टरबाईंच्या सहीचा कागद लागला. ठरलेल्या नराला वेळेवर तुरा आला नाही, तर कंदील रिकामा ठेवावा. दुसरा तुरा बांधणाऱ्याला कामावरून काढण्यात येईल.

सेउ एराल्दोंनी तो शांतपणे वाचला. वर्षभरात पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळले आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

“वाच, झेफा,” ते म्हणाले. “आता आठवेल.”