पीळ काढा

वहिनी गेल्याचं कळवायला पुतण्याचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता त्याने विचारलं, "काका, आईला गाणं कुठलं आवडायचं हो? सगळे जमलेत, लावावं म्हणतो."

भावजी फोन कानाला धरून उभेच राहिले. वहिनी त्यांना भावजी म्हणत. त्यांना हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून आपणही भावजीच म्हणू. एका इमारतीत, एकाच जिन्यावर, खालच्या मजल्यावर वहिनी आणि वरच्या मजल्यावर भावजी असा सारा जन्म गेला. तरी एका गाण्याचं नाव तोंडात येईना. "बघतो आठवून," म्हणाले आणि फोन ठेवला. आठवण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

तसा त्यांचा पिंडच तो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर वाचायचं काम होतं. गावभरची दारं ठोठावली, पण नजर काट्याच्या पलीकडे कधी गेली नाही. आकडा टिपायचा आणि पुढचं दार गाठायचं. लग्न केलं नाही. मोठा भाऊ चेष्टेने त्यांना "आमचं मीटर" म्हणायचा. "फिरतं सगळं, बोलत काही नाही."

वहिनींबद्दल त्यांना खात्रीने एकच गोष्ट सांगता आली असती. वहिनी कपडे धुवायचं मशीन कशा सांभाळायच्या, ती.

मशीन आणलं होतं दादांनी, म्हणजे थोरल्या भावाने. आणलं त्या दिवशी ते त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले आणि काचेतून फिरणारे कपडे बघत राहिले. "माझ्याकडे इतकं कधी बघितलं नाहीत," वहिनी म्हणाल्या, आणि तेव्हापासून मशीनचं नाव सवत पडलं. सवत रुसली, सवत खोकते, सवतीला आज गरम पाणी पाजायचंय. नवीन माणसाला वाटायचं, या घरात काहीतरी भलतंच चाललंय.

पुढे दादांचं डोकं हळूहळू विझत गेलं. आधी किल्ल्या हरवल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी कपडे ओले करायला लागले, दिवसातून कितीदा तरी. तेव्हा सवतीशिवाय वहिनींचं पान हलेना. मुलगा लांबच्या शहरात. तो दर रविवारी यायचा आणि दारातून आत शिरताना नकळत नाक वर करायचा. वास येतो का, ते बघायला. वहिनींच्या ते ध्यानात आलं होतं. तो एकदा सरळच बोलला होता, "आई, जोपर्यंत तुला झेपतंय तोपर्यंत मी काही म्हणणार नाही. पण ज्या दिवशी झेपणार नाही, त्या दिवशी बाबांना संस्थेत ठेवायचं. माझ्या घराजवळ चांगली आहे."

"झेपतंय," वहिनी म्हणाल्या.

ते झेपणं म्हणजे स्वच्छ, कोरडी चादर. एवढ्यावर सगळं अडलेलं होतं. म्हणून शनिवारी सकाळी वहिनी मशीनची पूजा बांधल्यासारखी साफसफाई करायच्या. दाराच्या गोल रबराची घडी उलगडून आतला बुळबुळीत मळ पुसायचा. पावडरचा कप्पा खेचून काढून टूथब्रशने घासायचा. खाली कोपऱ्यात एक झाकण होतं, त्यामागची जाळी काढून धुवायची. मग व्हिनेगर ओतून मशीन गरम पाण्यावर रिकामंच फिरवायचं. भावजींचं काम बॅटरी धरण्याचं. त्यांचे डोळे अधू झालेले, गुडघे वाकत नव्हते, पण बॅटरी हलायची नाही.

जाळीत दादांच्या खिशातलं काहीबाही सापडायचं. शर्टाचं बटण, पेनाचं टोपण, एकदा त्यांच्या चष्म्याची दांडी. वहिनी ते पुसून खिडकीत ओळीने मांडून ठेवायच्या. "यांचं डोकं असं थोडं थोडं जाळीत येतंय," म्हणायच्या. हसायचं की काय करायचं ते भावजींना कळायचं नाही. ते बॅटरी धरून राहायचे.

एकदा एकटीच चादर टाकली तर मशीन धडधडत जागेवरून चालायला लागलं. वहिनींनी थांबवलं, आत दोन टॉवेल कोंबले. "एकटी चादर एका बाजूला गोळा होऊन बसते, भावजी. मग मशीन पिळत नाही. जोडीला कोणीतरी लागतं." आणि डोळे मिचकावून, "तुमच्यासारखंच आहे तिचं."

"मला कुणी पिळावं असं वाटलंच नाही कधी," भावजी म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात धीट विनोद. वहिनी ती गोष्ट महिनाभर लोकांना सांगत होत्या.

मग तो शनिवार आला.

आदल्या दिवशी वहिनींनी मशीन मागे भिंतीला लावलं होतं. पुढे आल्यामुळे न्हाणीघराच्या दारात अडचण होते, बाबा अडखळतील, असं मुलगा मागच्या खेपेला म्हणाला होता. सकाळी चादरी टाकल्या, धुऊनही झाल्या, आणि मशीन घुंऽ करून थांबलं. काचेमागे गढूळ पाणी अर्ध्यापर्यंत. पाणी जाईना, मशीन पिळेना, दार उघडेना. जाळीच्या झाकणाशेजारची बारीक नळी ओढून पसरट भांड्यात पाणी काढलं. भांडं भरलं की ओता, पुन्हा लावा. जाळी काढली तर ती आरशासारखी स्वच्छ. पाणी संपल्यावर दार तेवढं उघडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. आत दादांनी तिसरी चादर ओली केली होती. कपाटात चौथी नव्हती.

"मशीनवाल्याला फोन करा," वहिनी म्हणाल्या. "मी आत बघते."

भावजींना फोनवर बोलायचं म्हणजे घाम फुटायचा. पलीकडे मशीनवाला दुसऱ्या कुणाच्या घरी होता आणि मागे भिंतीत ड्रिल चाललेलं.

"आजोबा, आज नाही जमत हो! घुर्रर्र... पीळ काढा, पाणी जाईल!"

"काय काढा?"

"पीळ! पीळ काढा! घुर्रर्र... उद्या फोन करतो!"

भावजी आत आले. "पिळून काढा म्हणाला."

"हातांनी?"

"पाणी जाईल म्हणाला."

"एवढी अक्कल मलाही होती," वहिनी म्हणाल्या. पण दुसरा इलाज नव्हता. उद्या रविवार.

दोघं न्हाणीघरात समोरासमोर उभे राहिले, मध्ये भिजलेली चादर. वहिनींनी एक टोक धरलं, भावजींनी दुसरं. त्या उजवीकडे फिरवायला लागल्या. भावजींना वाटलं, आपण उलट फिरवायला हवं, म्हणून त्यांनी डावीकडे फिरवलं. चादर आख्खी गोल गोल फिरत राहिली, पीळ काही बसेना.

"अहो, माझ्या विरुद्ध कशाला जाताय? तुम्हीही उजवीकडेच. समोरासमोर उभं राहिलं की आपोआप उलटं होतं."

"असं होय!"

"लग्न केलं असतं तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं."

मग पीळ बसला. चादर दोरखंडासारखी आखडली, पाणी धो धो खाली पडलं. एक झाली, दुसरी झाली. तिसरीला वहिनींच्या तोंडून बारीक "स्स" आलं. भावजींनी वर पाहिलं. "काही नाही," त्या म्हणाल्या, "फिरवा." भावजींनी फिरवलं. चादरी घरभर दोऱ्या बांधून टांगल्या. हाताने पिळलेलं कितीही पिळलं तरी ठिबकतंच. खाली घमेली, पातेली, जे मिळालं ते ठेवलं. दादा पलंगावरून बघत म्हणाले, "छप्पर गळतंय का?"

"हो," वहिनी म्हणाल्या, "झोपा तुम्ही."

रविवारी सकाळी मशीनवाल्याचा फोन आला, तेव्हा भावजी खालीच होते. "आजोबा, काढला का पीळ?"

"सगळ्या चादरी पिळून काढल्या."

"चादरी?" मशीनवाला म्हणाला. मग तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अहो, पाइपचा पीळ! मशीन मागे ढकललं असेल कुणीतरी. मागचा पाइप मुरगळला असणार. तो सरळ करा म्हटलं मी!"

दोघांनी मशीन हातभर पुढे ओढलं. वहिनी ओढताना डावा हातच लावत होत्या. मागे पाइप खरंच मुरगळलेला, ओल्या टॉवेलला पीळ घालावा तसा. भावजींनी तो सोडवला. चादरी परत आत टाकल्या, बटण दाबलं. पाणी खळखळत गेलं आणि सवत अशी फिरायला लागली की काचेत चादरी दिसेनात. वहिनी स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडात घातला तरी हसू थांबेना. भावजी हसले. आतून दादाही हसायला लागले, कशाला ते न कळता. मुलगा आला तेव्हा घर असं हसत होतं. कुठेही वास नव्हता. त्याने नाक वर केलं आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"झेपतंय," वहिनी म्हणाल्या, आणि चहा ओतायला किटली उचलली. डाव्या हाताने.

मुलाने ते पाहिलं. "उजव्या हाताला काय झालंय?"

"काय व्हायचंय?"

"दाखव."

मनगट सुजून लाल झालं होतं. तो काकांकडे वळला. भावजींना खोटं सुचायला वेळ लागतो. "चादरी पिळल्या," ते म्हणाले.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ती मी," वहिनी म्हणाल्या. कुणी हसलं नाही. मुलगा आईचं मनगट हातात धरून बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आई, मशीन दुरुस्त झालं. हे कसं करायचं?"

तरी वहिनी ऐकल्या नसत्या. भांडल्या असत्या. पण तेवढ्यात दादा उठून आले, अंगात शर्ट नुसताच अडकवलेला, आणि रोजच्यासारखे वहिनींसमोर छाती पुढे करून उभे राहिले. रोज बटणं वहिनीच लावायच्या. त्यांनी उजवा हात वर नेला. बोटं वळेनात. डाव्याने करून पाहिलं, बटण काजात जाईना. दादा शहाण्या मुलासारखे वाट बघत उभे. वहिनी पुन्हा पुन्हा तेच बटण धरत होत्या आणि ते निसटत होतं. शेवटी भावजी पुढे झाले आणि बटणं लावली. खाली मान घालून, एकेक करून.

वहिनी खिडकीतल्या त्या ओळीकडे बघत होत्या. बटण, टोपण, चष्म्याची दांडी. "कधी न्यायचं म्हणतोस?" त्यांनी मुलाला विचारलं.

ठरलं ते असं: दादा संस्थेत, वहिनी मुलाकडे, रोज दुपारी भेटायला जायच्या. मनगट पुढे बरं झालं म्हणे. पण संस्थेत गेलेलं माणूस कुणी परत आणत नाही. आणि मुलाच्याच घरी एका सकाळी वहिनी दादांच्या आधीच गेल्या. दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं."

दोघं हे घर सोडून निघाले, त्या दिवशी खाली गाडी उभी होती. दादांना आधीच आत बसवलेलं. वहिनींनी किल्ली भावजींच्या हातात दिली. भावजींना काहीतरी बोलायचं होतं. काय, ते त्यांना आजही सांगता येणार नाही. वहिनी गाडीत बसल्या, आणि काच खाली करून म्हणाल्या,

"भावजी, मशीनचा नळ बंद केलात ना?"

"केला."

"आणि दार उघडं ठेवा हं तिचं. बंद राहिलं की वास धरतं."

"ठेवतो," भावजी म्हणाले.