दिपमालाने मागितलेली परवानगी

दोंडाईच्यात दिपमालाला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही, आणि तिच्याशी एकदा तरी वाजलं नाही असंही सापडायचं नाही. बाई मनाने चांगली हो, पण कोणी 'हे असंच असतं' म्हणालं की संपलं! पदर कमरेला, कपाळाला आठ्या आणि पहिला सवाल, "का म्हणून?"

हा 'का म्हणून' तिने माहेरून, वरणगावहून आणलेला. वडील तिथल्या कारखान्यात. गेटवर दाखवायचा पितळी बिल्ला ते पोरांनाही हाताळू देत नसत. शेजाऱ्याने गमतीत मागितला तरी म्हणायचे, "का म्हणून? ज्याचा बिल्ला त्याच्याच खिशात." लेक तेवढं एकच वाक्य शिकली आणि तेच तिने आयुष्यभर पुरवून वापरलं. लग्नानंतर नोकरी धरली ती कोणाला न विचारता, आणि सोडली तीही न विचारता.

सासू यशोदाबाई सगळ्या गल्लीच्या अक्का. दिपमालाही त्यांना अक्काच म्हणे. अक्कांचा बायांचा गट उन्हाळाभर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खानदेशी पापड, करतो. कॉम्प्युटर शिकलेल्या सुनेने गटाचं काम इंटरनेटवर नेलं, आणि पुण्या-सुरतेहून ऑर्डरी येऊ लागल्या. ऑर्डरींचा ऑनलाइन तक्ता मात्र बाजारातले दुकानदार लीलाधरभाऊ यांनी त्यांच्या खात्यावर उघडून दिला होता. गटाच्या डेस्कटॉपवरची एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे बारकासा प्रोग्राम, रोज सकाळी त्या तक्त्यातून नावं-पत्ते उचलायची आणि पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापायची. ते चालायचं लीलाधरभाऊंनी दिलेल्या परवानगीवर. आणि 'का म्हणून'वाल्या आमच्या बाईने हे एवढं एक कधी विचारलं नव्हतं! चालतंय ना, मग चालू द्या.

यंदा लीलाधरभाऊ म्हणाले, पाकिटांवर माझ्या दुकानाचं नाव छापा. बाया एका सुरात नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट सुरू केली तर पडद्यावर लाल अक्षरं: परवानगी रद्द.

लगेच फोन आला. "वहिनी, खातं माझं, परवानगी माझी. नाव छापा, आत्ता चालू करतो. नाहीतर बसा चुलीपुढे."

"बसूच की! जन्म गेला चुलीपुढे. पण तुमच्या नावाने नाही बसणार," दिपमाला म्हणाली आणि फोन आपटला.

बोलायला काय जातं! आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आलेली. डबे बिबड्यांनी भरलेले. सणाच्या ऑर्डरी हातच्या गेल्या असत्या तर बायांनी निमूट लीलाधरभाऊंचं नाव छापलं असतं, आणि गटाचं नाव तिथंच पुसलं गेलं असतं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं आणि कामाला लागली.

नवा तक्ता केला. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून नव्या तक्त्याचा पत्ता कळवला. आपली स्क्रिप्ट तिने असे तक्ते सांभाळणाऱ्या क्लाउड कंपनीकडे नव्याने नोंदवली. उरली एकच गोष्ट. खात्याच्या मालकाने ब्राउझरमध्ये शिरून 'परवानगी द्या' दाबायचं. ते दाबलं की स्क्रिप्टला टोकन मिळतं, म्हणजे कारखान्याच्या गेटचा पासच समजा. पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही, आणि पास असतो तेवढ्याच कामापुरता.

स्वतःचं नाव घालायला दिपमालाचे हात शिवशिवले. पण वडिलांचा बिल्ला आठवला. गट कोणाचा? अक्कांचा. मग खातंही अक्कांच्याच नावाने हवं. तसंच उघडलं आणि नवा तक्ता त्यात ठेवला.

"अक्का, चला. परवानगी द्यायचीय तुम्हाला."

अक्का बावरल्या. "माले काय समजस त्याम्हातलं?"

"समजायचं काही नाही. देणार का नाही, तेवढं सांगायचं."

अक्का पदराला हात पुसत कॉम्प्युटरपुढे येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मन्हा बठ्ठा जलम परवानगी मांगाम्हाच गया. माहेर जावानी, बजारम्हा जावानी. आज माले कोनी मांगी ऱ्हायनं."

आणि मग अहो, जे व्हायचं तेच झालं! एवढं मोठं काम असं कोरडं कसं करायचं? पडद्यावर खिडकी उघडलेली आणि अक्का म्हणाल्या, थांब. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. नारळ आणायला माणूस धाडला. बठ्ठ्या, अगदी सगळ्या बायांना हाका गेल्या. झुंबरबाई आंघोळीला बसलेली, तिच्यासाठी थांबले. नारळ फुटला, खोबरं वाटलं आणि अक्कांनी हात धुऊन बटण दाबलं. पडद्यावर काय? वेळ संपली, पुन्हा सुरू करा.

"हात्तिच्या!" दिपमाला कडाडली. "ती खिडकी थोडाच वेळ उघडी असते, अक्का! तुमचं खोबरं होईपर्यंत थांबत नाही!"

अक्कांना राग आला नाही. "हाई ते घाटामायक शे मंग," त्या म्हणाल्या. घाट्यासारखंच म्हणायचं. बिबड्यांसाठी ज्वारीचा घाटा शिजवतात. तो गरम आहे तोवरच थापायचा, थंड झाला की गेला. "आते कोनीच उठानं नही."

बाया मांडी घालून बसल्या. दिपमालाने स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. खिडकी उघडली.

"काय काय मांगस हाई?" अक्कांनी विचारलं.

"फक्त ऑर्डरींचा तक्ता वाचायला मागतंय. तुमचे फोटो नाही, निरोप नाही."

"तितलंच दे. जास्ती नही." आणि अक्कांनी माउसवर बोट दाबलं.

टोकन आलं. प्रिंटरने कुरकुर केली आणि पहिली चिठ्ठी बाहेर टाकली. वर पुण्याचा पत्ता, खाली पाठवणाऱ्याच्या जागी गटाचं नाव. बाया अशा ओरडल्या की गल्ली गोळा झाली.

आखाजीच्या आधीच लीलाधरभाऊंचा फोन आला. टपालात जाणारी पाकिटं त्यांनी पाहिली होती. "वहिनी, हे चालू कसं झालं? परवानगी कोणी दिली?"

दिपमालाच्या जिभेवर झणझणीत उत्तर तयार होतं. जन्मात पहिल्यांदा तिने ते गिळलं आणि फोन अक्कांच्या कानाला लावला.

अक्कांचे दोन्ही हात घाट्याने भरलेले. त्या म्हणाल्या, "मी दिधी."

आणि पुढची बिबडी थापायला घेतली.