दाजींचा कान

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो ते ठीक आहे, पण जुन्या मशिनरीचा सगळा बाजारच त्यांना दाजी म्हणतो. एवढे मेहुणे जगात दुसऱ्या कुणाला नसतील. गोदामांच्या त्या गल्लीत आमची गाडी शिरली की दुकानदार एकमेकांना खुणा करतात. घाबरतात ते मला नाही. मी नुसताच आरडाओरडा करणारा, त्याची सवय झालीय सगळ्यांना. घाबरतात ते दाजींच्या खिशातल्या हातोडीला.

हातोडी तरी केवढी? वीतभर दांडा आणि लिंबाएवढं डोकं. मऊ कापडात गुंडाळलेली. दाजींनी उमेदीची नऊ वर्षं ओतकामाच्या कारखान्यात काढली. बिडाचे ओतलेले ठोकळे थंड झाले की साखळीला टांगायचे, ठोकायचे आणि आवाजावरून चांगला कुठला, वाईट कुठला ते वेगळं करायचं, एवढंच काम. अखंड बीड टणकन वाजतं आणि तो आवाज बराच वेळ हवेत राहतो. आत कुठे तडा असेल तर भद्द. मडकं वाजवून घ्यावं म्हणतात ना, तसंच. आमचं मडकं फक्त शंभर किलोचं.

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन मिलिंग मशीन आहेत. फिरत्या कटरने लोखंड तासायचं काम. मशीन एकदा घेतलं की संपलं असं लोकांना वाटतं. अहो, मशीन म्हणजे नुसता ओटा! त्यावर काम पकडायला शिकंजा लागतो, गोल फिरवायला फिरतं टेबल लागतं, उभं बांधायला अँगल प्लेट लागते. हे सगळं आम्ही जुनंच घेतो. जुनं बीड मुरलेलं असतं, वाकडं व्हायचं तेवढं होऊन गेलेलं असतं, असं दाजी म्हणतात. माणसांबद्दलही ते हेच म्हणतात. तीन नोकऱ्या भांडून सोडलेल्या मला त्यांनी बावीस वर्षांपूर्वी भागीदार करून घेतलं तेव्हा ताईला हेच सांगितलं होतं. आणि मला म्हणाले, "तू बोल, मी ऐकतो. दोघांचं मिळून एक माणूस होईल."

तशीच वाटणी राहिली. गोदामात घासाघीस माझी, ओरडणं माझं. पहार लावून माल हलवणं, पाइपांच्या तुकड्यांवरून ढकलत आणणं, पट्टा बांधणं दोघांचं. माल चेनपुलीला टांगला, जमिनीपासून वीतभर उचलला, की दाजी कापड सोडायचे. त्या क्षणी सगळे गप्प. एक गोदामवाला तर पंखासुद्धा बंद करायचा. दाजी तीन ठिकाणी ठोकायचे आणि एकच शब्द बोलायचे. "घे" किंवा "राहू दे". त्यावर मी बावीस वर्षांत ब्र काढलेला नाही, आणि ज्याने ज्याने काढला तो तोंडावर पडला.

गेली दोनेक वर्षं त्यांनी एक नवीन टुमणं लावलं होतं. ठोकायच्या आधी मला म्हणायचे, "समोर उभा राहा. मागे नको." मला वाटलं, वजन टांगलेलं असतं, माझी काळजी करतायत. मी आपला हात बांधून समोर उभा राहायचो.

त्या दिवशी आम्ही अँगल प्लेट घ्यायला निघालो होतो. पंपाच्या मोठ्या कामाची ऑर्डर आली होती आणि आमच्याकडची प्लेट त्याला पुरत नव्हती. मी दाजींना घ्यायला घरी गेलो, तर ताईने मला स्वयंपाकघरातच अडवलं.

"ह्यांना कमी ऐकू येतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "कुकर शिट्ट्या मारून दमला तरी हे शेजारी बसून पेपर वाचतात. दाराची बेल तर कित्येक महिन्यांत ऐकलेली नाही."

"मग डॉक्टर?"

"गप्प बस. आणि त्यांच्यासमोर तोंड उघडू नकोस. कान गेला हे त्यांना कळलं ना, तर हातोडी ठेवतील आणि घरी बसतील. मी ओळखते त्यांना. त्या हातोडीवर चाललाय तो माणूस." मग माझ्याकडे बघून तिने कपाळावर हात मारला. "तुला सांगितलं हीच चूक झाली. तुझ्या पोटात काय आहे ते तोंडावर छापलेलं असतं."

मी म्हटलं, मी काय लहान आहे? आणि तोंड शक्य तितकं कोरं करून गाडीत जाऊन बसलो. पण दाजींच्या कानाला काही झालंय हे मला सहनच होत नव्हतं. असं वाटत होतं की ताईचा कुकरच बिघडला असेल.

ज्याच्या गोदामात गेलो त्याला सगळे पैलवान म्हणतात. वजन पंचेचाळीस किलो, तेही खिशातल्या किल्ल्यांसकट. प्लेट त्याने दाखवली आणि माझी कळी खुलली. काटकोनात दोन जाड भिंती, मध्ये आधाराला तिरक्या पट्ट्या, वर नवाकोरा राखाडी रंग. दाजींनी गुण्या लावून काटकोन बघितला, खाचांमधून अंगठा फिरवला. पैलवानाचा चेनपुली ओढणारा माणूस आला नव्हता, म्हणून साखळी मीच ओढायला घेतली. प्लेट वर गेली आणि दाजी पलीकडे, मी अलीकडे, मध्ये ते नव्वद किलोचं धूड असे उभे राहिलो. ठोकायला दाजी उकिडवे बसले, तेव्हा मला त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"समोर ये," दाजी म्हणाले.

"साखळी सोडून कसा येऊ? तुम्ही ठोका."

ते जरा थांबले. मग हातोडी वाजली. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा ठीक. तिसऱ्यांदा, पट्टी जिथे भिंतीला मिळते तिथे, भद्द.

 पायाखालच्या फरशीलाही कळावं इतकं स्वच्छ भद्द होतं ते. कुठेतरी तडा होता, त्यात पुट्टी भरून वर रंग फासलेला होता. आणि पलीकडून दाजींचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा.

"घे."

आता काय करावं? तडा गेलेली प्लेट मशीनवर बांधून कटर चालवला तर एक दिवस ती वर बांधलेल्या कामासकट फुटणार, आणि समोर मी तरी असणार नाहीतर दाजी. आणि इथे पैलवानासमोर "दाजी, तुम्हाला ऐकू आलं नाही" म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. मग हातोडीला कोण विचारतो? दाजी उद्यापासून घरी. इकडे आड तिकडे विहीर. मी प्लेट हळूच खाली टेकवली.

तेवढ्यात पैलवान म्हणाला, "चहा सांगू का?"

"चहा?" मी ओरडलो. "चहा पाजून माल गळ्यात मारता होय? आम्ही काय चहाला आलोय इथे? नको तुमचा चहा आणि नको तुमची प्लेट! चला दाजी!"

पैलवान पार गांगरला. "अहो, बिनसाखरेचा सांगू का?" असं काहीतरी म्हणत तो दारापर्यंत मागे आला. मी दाजींच्या दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी काढली.

 वर्कशॉपवर आल्यावर ते स्टुलावर बसले, हातोडी काढून कापडाने पुसली.

"तडा होता ना?"

"छे! त्याची बोलायची पद्धत..."

"अरे, बावीस वर्षांत तू चहा मिळाला नाही म्हणून भांडलायस. मिळाला म्हणून कधी भांडला नाहीस."

मी खाली बघितलं. मग होकाराची मान हलवली. 

"वरचा आवाज गेलाय माझा," दाजी म्हणाले. "माणसं बोलतात ते कळतं. पण बीड वाजतं ना, त्याचा तो लांब जाणारा शेवट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? मग एवढा माल घेतला तो कसा?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

"माझ्या तोंडाकडे?"

"बावीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून तुझा कान तयार झालाय रे. तुलाच माहीत नाही. चांगलं वाजलं की तुझ्या भुवया वर जातात. तडा असला की तू जेवणात खडा लागल्यासारखं तोंड करतोस. मी ठोकतो आणि तुझ्याकडे बघतो. आज तू त्या प्लेटमागे होतास. पैलवान टक लावून बघत होता, काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हणालो घे." ते हातोडीकडे बघत राहिले. "तू मागे होतास. म्हटलं, वाईट असेल तर हा बोलेलच."

मी सगळा हिशोब मनात उलटा लावला. दोन वर्षांतले दोन शिकंजे, फिरतं टेबल, सगळं चोख निघालेलं. म्हणजे ते मी निवडलेलं? मी, ज्याला आयुष्यभर सगळे म्हणत आले की हा कुणाचं ऐकत नाही? खरं सांगतो, अभिमान वाटला. आणि लगेच भीतीही वाटली. मग एकदम आठवलं.

"आणि तो मोठा शिकंजा? घंटेसारखा वाजला होता! तुम्ही राहू दे म्हणालात!"

"तुझं तोंड वाकडं झालं होतं."

"माझी दाढ दुखत होती, दाजी!"

दाजी इतके हसले की स्टूल करकरलं. डोळे पुसून म्हणाले, "चांगला माल गेला की रे. दाढ दुखत असेल तर आधी सांगत जा." मग हसू आवरून, हळूच, "तुझ्या ताईला बोलू नकोस. तिला कळलं तर मला घरी बसवील."

मी शपथ घेतली. त्यांना घरी सोडायला गेलो. ताईने दार उघडलं, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "कळलं वाटतं त्यांना." मग नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं मला दारातच विसरून आत गेले.

चार दिवसांनी पैलवानाचाच निरोप आला. दुसरी प्लेट आली होती, आणि चहा देणार नाही असं त्याने आवर्जून कळवलं होतं. ही प्लेट बिनरंगाची, गंजाने तांबूस झालेली, पण भिंती सरळ. चेनपुली ओढायला त्याचा माणूस हजर होता. दाजींनी कापड सोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"समोर उभा राहा."

मी समोर जाऊन उभा राहिलो. केस पांढरे झालेले, हातात लिंबाएवढी हातोडी, आणि नजर सगळी माझ्या तोंडावर. या माणसाने मला पोसलं, सांभाळलं, आणि आता माझ्या तोंडावर विसंबून इथे चारचौघांत उभा आहे. त्यांनी पहिल्यांदा ठोकलं. टण्ण! दुसऱ्यांदा. टण्ण! तिसऱ्यांदा पट्टीच्या बुडाशी, आणि प्लेट अशी वाजली की आवाज पत्र्यापर्यंत जाऊन परत आला. तो लांब जाणारा शेवट त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

माझे डोळे भरून आले.

दाजींचा हात थांबला. चेहरा पडला. ओठ "राहू"साठी उघडलेले मला दिसले.

पैलवान शेजारीच होता, बोलायची सोय नव्हती. मी जोरात नाक ओढलं, भुवया जाताहेत तेवढ्या वर नेल्या आणि बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसलो. गालांवरून पाणी वाहतंय आणि मी हसतोय. दाजी क्षणभर बघत राहिले. मग त्यांना कळलं.

"घे," ते म्हणाले.

आवाज अजून पुरता विरला नव्हता. पैलवान हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कान असावा तर असा!"