मुलाखतीसाठी राखलेला कोटा

सुकापूरला आमच्या मजल्यावर तेव्हा दोन घरांत मिळून एकच इंटरनेट होतं. कनेक्शन माझ्या नावावर, त्यातून एक वायर शेजारच्या वहिनींकडे गेलेली. महिन्याला दहा जीबी पूर्ण वेगानं मिळायचे. ते संपले की नवा महिना लागेपर्यंत कंपनी वेग इतका उतरवायची की व्हिडिओ हलायचाच नाही.

त्या महिन्यात मुलीची नोकरीची मुलाखत व्हिडिओवर होणार होती. घरी बसून अर्ज करण्यात तिचं वर्ष गेलं होतं, आणि बोलावणं हे पहिलंच. मी गाणी-सिनेमे बंद केले, वहिनींनाही सांगून आलो. मुलीनं मात्र रोज तिच्या मामाशी व्हिडिओवर सराव करायचा असं ठरलं. तासाभरात किती डेटा येतो ते पाहून मी सरावाचा आणि मुलाखतीचा डेटा बाजूला धरला.

आदल्या दिवशी दुपारी सराव चालू असताना मामाचा चेहरा मध्येच थिजला. पडद्यावर कंपनीचा निरोप आला, मर्यादा संपली. माझ्या हिशेबानं तीन जीबी शिल्लक होते. मी तडक शेजारी गेलो आणि कोणी सिनेमा उतरवला का ते विचारलं.

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वायर कवाच काढून ठेवलीय, भाऊजी. आता या भाजीत इंटरनेट हाय का तेवढं बघा."

उलगडा कस्टमर केअरच्या मुलीनं केला. येणारा डेटा मोजतात तसा जाणाराही मोजतात. मामाचं चित्र आमच्याकडे येत होतं, तेवढंच मुलीचं त्याच्याकडे जात होतं. जादा कोटा घेतला तरी तो चोवीस तासांनी लागू होणार होता.

मुलाखत सकाळी अकराला होती.

मुलीनं एवढंच विचारलं, "बाबा, या वेगात आवाज तरी जाईल का?"

जायला हवा, असं आकडे सांगत होते. पण आकड्यांवरचा माझा विश्वास त्या दिवशी डळमळला होता.

अकरा वाजता मी आणि बायको बंद दाराबाहेर उभे होतो. समोरच्या साहेबांचा आवाज तुटत होता. मुलीनं आमचा वेग उतरवल्याचं सांगून चित्र बंद करून बोलायची परवानगी मागितली. तुटक आवाजात होकार आला. मग ती सलग बोलू लागली.

बाहेर येऊन म्हणाली, "पुढच्या फेरीला प्रत्यक्ष बोलावलंय."

तेवढ्यात वहिनी वायरचं वेटोळं घेऊन दारात आल्या. "मंग आता लावू का?"

लावा, पण फार हळू चालेल, असं मी म्हणालो.

"चालंल. आमाला कुठं मुलाखत द्यायचीय."