खोट न सांगणारे मामा

आमच्या मामांइतका ठणठणीत माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही, असं खुद्द मामांचंच म्हणणं होतं. आणि ते हे म्हणायचे तेव्हा कपातला निम्मा चहा धोतरावर सांडलेला असायचा. सहा वर्षांचा कंपवात! पण मामांनी उभी हयात तिथल्याच, आपल्या गावच्या वाशीच्या बाजारात शेळ्या विकल्या, आणि आपल्या मालाची खोट आपल्या तोंडानं सांगायची नाही, हा त्यांचा धर्म. एक लंगडी शेळी त्यांनी "नाचरी हाय" म्हणून खपवली होती. गिऱ्हाईक भांडायला आलं, तर त्याला दुसरी विकली.

शेवटी मी आणि मामी त्यांना पुण्याला घेऊन गेलो. मेंदूत तार घालून छातीत बॅटरी बसवली की हात थांबतो, असं कळलं होतं. मामांनाही ते फार हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर जगणं किती सुधारेल याचा अंदाज, आत्ता किती अडतंय त्यावरून बांधतो. तेव्हा खरं सांगा." आणि प्रश्नांचा कागद काढला.

जेवताना त्रास? "न्हाय." बटण लावताना? "न्हाय." चारचौघांत जायची लाज? "लाज? मला? काय बोलता बाई!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, हात हलतोय, पण तुमचं काहीच अडत नाही. मग डोक्याला भोक कशाला पाडायचं? फारसा फायदा दिसत नाही."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "आरं, माल चांगला म्हनलं की भाव वाढतो," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "हितं उलटंच की!"

आणि मामांसमोर कधी चकार शब्द न काढणारी मामी बोलली, "बाई, दोन वर्सं झाली, ह्ये कुनाच्या पंगतीला बसले न्हाईत. घास मी भरवते, बटनं मी लावते. दार लावून." मी हादरलोच. सख्खा भाचा मी, आणि मला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं! मामांनी मान खाली घातली. "व्हय. खोट हाय."

बाईंनी नवा कागद घेतला. ऑपरेशन झालं आणि हात थांबला.

परवा वाशीला गेलो, तर मामा बाजेवर बसून एकटेच सदऱ्याची बटणं लावत होते. पाचही, झटपट! मी थक्क होऊन दारातच थांबलो. तेवढ्यात आतून मामीची चाहूल लागली. मामांनी भराभर सगळी बटणं काढली आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"आगं, ह्ये बटनाचं तेवढं अजून जमंना बघ."

मामांच्या तोंडून खोट, आणि तीही नसलेली! मी ओरडणारच होतो. पण मामी पदराला हात पुसत त्यांच्याजवळ बसली आणि वरच्या बटणापासून सावकाश लावायला लागली. तिच्या खांद्यावरून मामांनी माझ्याकडं बघितलं. मी चपला घातल्या आणि गुपचूप बाहेर आलो.