दाराबाहेरची पट्टी

जानेवारी १९९१, रविवार. मी साहेबांच्या घरी खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी लावत होते. सौदीतल्या हफ्र अल बातिनजवळच्या रस्त्याच्या कामावरचे ते मोठे इंजिनिअर, पुण्याचे. मी त्यांच्याकडे घरकामाला. माझा नवरा त्यांच्याच रस्त्यावर रोलर चालवायचा.

युद्ध सुरू होतं; इराकचा विषारी वायू आला तर लपायला एक खोली बंद करायची होती. घरात मास्क चार. साहेब, वहिनी, दोन मुलं. रस्त्यावर साठ माणसं लष्कराच्या ट्रकांसाठी डांबर टाकत होती. त्यांना एकही नाही.

साहेब जेवायला आले आणि भोंगा झाला. मी ओले टॉवेल घेऊन खोलीत शिरत होते. वहिनींनी दारातच अडवलं.

"आतून आम्ही लावतो, बाहेरून तू लाव. दोन थर हवेत."

"आणि मी?"

"तुम्ही डांबरातली माणसं गं. तुम्हाला धुराची सवय असते."

मी दार ओढलं. पट्टी अंगठ्याने दाबून बसवली. फट राहू दिली नाही. काम नीट करायची खोड. मग ओढणी भिजवून नाकाला लावली आणि दाराबाहेर घरातल्या बोळातच बसले. नवरा उघड्या रोलरवर असणार. पळायचं कुठे? विमानं बंद. पासपोर्ट कफीलकडे, आम्हाला कामावर आणणाऱ्या अरब मालकाकडे.

आजी आठवली. पोलादपूरच्या घाटात खडी फोडायची. मुकादम लोखंडी कडी घेऊन फिरायचा. कडीतून न गेलेला दगड परत फोडायला लावायचा. दगडी रोलर माणसंच दोरांनी ओढायची, त्यात बायासुद्धा. आणि तिथल्या साहेबाचा टांगा आला की आपणच केलेल्या रस्त्यावरून खाली उतरायचं, पाठ करून उभं राहायचं. आजी हे हसत सांगायची. मला तेव्हाही हसू येत नसे.

पुन्हा भोंगा झाला. धोका टळला होता. आतून हाक आली, "काढ गं आता."

पट्टी काढली. वहिनी बाहेर आल्या तेव्हा सांगितलं, "पुढच्या वेळी बाहेरून लावायला मी नाही. आत घ्याल तर राहीन."

साहेब मास्क काढत म्हणाले, "कफीलला एक फोन केला की खलास. तुझा इथे राहायचा परवाना, इकामा, रद्द. तुझ्या नवऱ्याचाही."

त्यांनी आत घेईन म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोचकं उचललं आणि नवऱ्याच्या, मजुरांच्या कॅम्पकडे निघाले. नवऱ्याने दाबलेला नवा रस्ता, डांबराचा वास ताजा. दोन्हीकडे वाळू. मागून साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग सलग. मी रस्त्याच्या मधूनच चालत राहिले. शेवटी गाडी वाळूत उतरवून पुढे न्यावी लागली त्यांना.

फोन करतील. करू देत. मी खाली उतरणार नाही.